फिलूमायच्या सुपातल्या मिरच्या

खोताच्या वाडीत फिलूमायकडे सल्ला मागायला गेलं की ती आधी सुक्या मिरच्यांचं सूप पुढ्यात सरकवायची. "देठं काढ. मंग बोल." मिरचीचे हात डोळ्यांना लावता येत नाहीत, म्हणून रडणं थांबायचं, बोटं चुरचुरायला लागली की माणूस मुद्द्यावर यायचा. चर्चमधल्या वेदीची कापडं धुऊन त्यांना खळ घालायची, हे तिचं काम. पण अर्धी वाडी फादरकडे जाण्याआधी तिच्या ओट्यावर बसून जायची.

वाडीच्या याद्या मी ठेवते. मे महिन्यात वाडीतल्या क्रूसापुढच्या प्रार्थनेला मेणबत्त्या कोणाच्या, वर्षाचा मसाला कुटायला उखळ कोणाकडे, किती वाजता, सगळं वहीत. त्या वर्षांत आणखी एक यादी होती, ती डोक्यात. तिच्यात एकच नाव होतं: रेमी, आमचा शेजारी.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला तो पहिला हिवाळा. माझा नवरा पास्कू छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. वाडीच्या तोंडाशी 'झालाच पाहिजे'चं पोस्टर त्यानंच चिकटवलं होतं. दुसऱ्या दिवशी पोलीस आले तेव्हा मी नळावर होते. क्रूसापाशी त्यांनी रेमीला अडवून काहीतरी विचारलं आणि रेमीचा उजवा हात वर उठला. क्रूसाच्या बरोबर मागे आमच्या पायऱ्या. पोलीस सरळ आमच्या घरात शिरले. लाठीनं पास्कूचं उजवं मनगट असं मोडलं की त्या बोटांत पुन्हा खिळा टिकला नाही.

"मी क्रूसाची खूण करत होतो, आग्नेस. देवाशप्पथ," रेमी म्हणाला. क्रूसापाशी आम्ही सगळेच कपाळाला हात लावून ती खूण करतो. मी विश्वास ठेवला नाही.

पुढच्या मे महिन्यात माझी वेळ आली. हरताळाच्या दुपारी गिरगावात बसवर दगडफेक झाली आणि संध्याकाळी पोलिसांनी कोपऱ्यावरून रेमीला उचललं. दोन दिवसांनी त्याची बायको लुसी माहेराहून धावत आली. "आग्नेस, त्या वेळी हे उखळापाशी होते ना गं? तुझ्या वहीत असेल बघ."

वहीत होतं. रेमी, तीन ते साडेचार, खाली त्याची सही. मसाला कुटणाऱ्या बाया गावी परतल्या होत्या. साक्षीला उरलो मी आणि वही. मी म्हटलं, "वही हरवली." लुसी गेल्यावर मी जेवले, आणि पोटभर जेवले.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी फिलूमायच्या ओट्यावर गेले. मला शाबासकी हवी होती. सूप पुढे आलं.

"मी खोटं बोलणार नाही, माय. फक्त गप्प राहणार."

"लुसीला वही हरवली म्हणालीस, ते कोण बोललं? तुजी मांजर?"

मी देठं काढत राहिले. मग म्हटलं, "त्यानं हात दाखवला, माय. मी पाहिलंय."

"दाखवला असंल. रेमी घाबरट हाय, मी त्याला लंगोटापासून ओळखते." तिनं त्याची बाजू घेतली नाही, याचा मला धक्काच बसला.

"मग?"

"मंग काय? त्या दिवशी तू हात पाहिलास, मन नाय पाहिलंस. हरताळाच्या दुपारी उखळापाशी तू आख्खा माणूस पाहिलास. जेवढं नक्की ठाव हाय तेवढं बोल. बाकीचं देवावर सोड. त्याला पण काय काम नको?"

"मी त्याला माफ नाही करणार."

"माफीचं कोण बोललं? राग ठेव घरात. रागाला घेऊन आलीस म्हणून क्रूस तुला हाकलत नाय. वही तेवढी दे. आणि देठं नीट काढ, अर्धी ठेवतेस."

मी कोर्टात वही नेली. रेमी सुटला. कोर्टाच्या पायरीवर हात जोडून म्हणाला, "उपकार झाले, आग्नेस." मी म्हटलं, "तुमच्यासाठी आले नव्हते." त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. दर मे महिन्यात उखळाच्या यादीत त्याचं नाव मात्र सगळ्यात शेवटी टाकायचे. तोवर बाया दमलेल्या असायच्या आणि मसाला भरडच उतरायचा. फिलूमायनं एकदा यादी पाहिली. "शेवटचाच ठेवलास? बरं. लिहितेस तरी."

महाराष्ट्र राज्य झालं, वाडीत पेढे वाटले, आणि त्याच वर्षी फिलूमाय गेली. शवपेटी चर्चपर्यंत न्यायला खांदेकरी सहा. यादी मी केली. उजव्या बाजूला पास्कू आणि त्याच्या बरोबर मागे रेमी. लोकांना सांगितलं, उंची जुळते. खरं कारण, पास्कूचा लुळा उजवा हात वाटभर रेमीच्या डोळ्यांसमोर लोंबत राहावा.

क्रूसापाशी पेटी थांबली. मी मुद्दाम नळापाशी जाऊन उभी होते, त्या दिवशी होते तिथंच. रेमीनं मोकळा हात खूण करायला वर उचलला. तिथून पाहिलं तर कपाळाकडे चाललेला तो हात थेट माझ्या पायऱ्या दाखवत असल्यासारखा दिसला.

त्या दिवशी त्याच्या मनात काय होतं, ते मला आजही ठाऊक नाही. नळापाशी उभं राहून दुसऱ्यांदा काय पाहिलं, तेवढं ठाऊक आहे. मी त्याला माफ केलेलं नाही. पण पुढच्या मे महिन्यात उखळाची यादी लिहायला बसले तेव्हा बोटं चुरचुरल्यासारखी झाली, आणि रेमीचं नाव मी शेवटून दुसरं लिहिलं.