सक्करदऱ्यातली फुकट शिकवणी

रिटायर झाल्यावर आम्ही काही जण सक्करदऱ्यातल्या एका विहाराच्या हॉलमध्ये दहावीच्या मुलींना संध्याकाळी फुकट शिकवतो. मुलींच्या डोक्यात किती शिरतं कुणास ठाऊक, माझ्या डोक्यात मात्र किस्सेच किस्से झालेत!

*

पहिल्या दिवशी मी, बँकेतला माणूस, फळ्यावर धडाधड अकरा गणितं सोडवली. "समजलं?" "हो सर!" बारावं त्यांना दिलं. एकीलाही आलं नाही.

मागे सुषमाताई बसल्या होत्या, दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. म्हणाल्या, "सर, तुमची प्रॅक्टिस मस्त झाली!"

*

काजल गणितात दोनदा नापास झालेली. तिच्या वहीवर मी लाल फुली मारणार, तोच ताईंनी वही ओढली. "हे कसं केलं वं? मले सांग."

काजल सांगू लागली आणि मधेच थबकली. "थांबा ताई, चूक सापडली!" स्वतःच खोडलं, स्वतःच नीट केलं. मी थक्क!

ती गेल्यावर ताई हळूच म्हणाल्या, "सर, बरोबर उत्तर काय होतं हो?"

*

एकदा काजलचे बाबा आले. रामदासभाऊ फरशी बसवायचं काम करतात. दारातूनच म्हणाले, "यावेळी राहिली त शिक्षण बंद. घरी बसाचं." काजलचा चेहराच उतरला.

मला लेक्चर द्यायचा मोह झाला. ताईंनी मात्र त्यांना सतरंजीवर बसवलं आणि काजलला पुस्तकातलं फरश्यांचं गणित घातलं. उत्तर आलं दोनशे.

रामदासभाऊ हसले. "दोनशेत नाही होत. कोपऱ्यात कापाकापी होते, दहा जास्त आणा लागतात."

काजल बघतच राहिली. "बाबा, तुम्हाले क्षेत्रफळ येते?"

"क्षेत्रफळ कोणाले म्हणते?"

त्यानंतर बापलेकीचं घरी रोज फरश्यांवरून गणित सुरू झालं म्हणे.

*

निकालाच्या दिवशी बीपी माझाच वाढला होता. काजल पास झाली, गणितात बेचाळीस! ताई रडल्या, मीही रडलो, लाज कसली?

संध्याकाळी दोघं बापलेक हॉलवर आले. मला वाटलं, पेढे असतील. रामदासभाऊंनी चपला काढल्या, पहिल्या रांगेत मुलींच्या बाजूला मांडी घातली आणि खिशातून पेन काढला.

"सर, चौथीत शाळा सुटली माझी. मले भागाकार येत नाही."

मी लगबगीनं खडू उचलला.

"तुम्ही नाही सर," ते म्हणाले. "तुम्ही बसा. पोरगी शिकवते."