हवामामाच्या डोक्यातला फुगा

रस्त्याच्या वळणावर पंक्चर काढणाऱ्या त्या गड्याला सगळे हवामामा म्हणत. एकदा तो घसरून आपटला. डोकं तपासलं तेव्हा मार किरकोळ निघाला, पण सापडलं भलतंच. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता.

"तिथली भिंत पातळ झालीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फुटली तर आत रक्त सांडेल. आई कशानं गेली तुमची?"

"डोकं धरून बसली, ती उठलीच नाही."

"म्हणून म्हणते, फुगा बंद करून घेऊ. मांडीतून बारीक नळी वर न्यायची आणि फुग्यात मऊ तार भरायची. तोवर सिगारेट बंद, आणि रक्तदाबाची ही गोळी रोज एक."

मामानं मान हलवली, पण पटलं कुठे? भोकाला ठिगळ लागतं, फुगलेली ट्यूब मात्र त्यानं जन्मात दुरुस्त केली नव्हती. तो ती सरळ फेकायचा.

"डोकं कुठे फेकू गं?" बायकोला विचारत तो घरभर येरझारा घालू लागला.

मग त्याच्या बुडाला चैन म्हणून राहिली नाही. हवा भरताना हात कानशिलावर. हसू आलं की तोंड दाबायचं. जॅक गिऱ्हाइकालाच फिरवायला लावायचा. बायकोला दम भरायचा, "चिडवू नकोस, फुटेन!"

"काल भाजी खारट म्हणून ताट ढकललंत, तेव्हा बरे नाही फुटलात!"

शेवटी त्यानं आपल्या धंद्यातली अक्कल लढवली. हवा सोडली की फुगवटा बसतो. मग काय, गुपचूप एकाच्या दोन गोळ्या, दोनाच्या तीन. एका दुपारी ट्यूब पाण्यात बुडवून तो उठायला गेला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मामा तोंडावर टबात. समोरच्या न्हाव्यानं बखोटीला धरून वर काढलं. "मामा, बुडबुडे तुमचेच येतायत की!"

बायकोनं तसाच ओला दवाखान्यात नेला. गोळ्यांची भानगड ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. त्या बोलायच्या आत बायकोच कडाडली, "अहो, कमी हवेवर गाडी पळवली तर काय होतं?"

"टायर कडेनं चिरतो," मामा पुटपुटला.

"मग? दिवसभर लोकांना हेच ओरडून सांगता ना?"

"मेंदूलाही पुरेसा दाब लागतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि दाब कितीही उतरवा, पातळ झालेली भिंत परत जाड होत नाही."

मामाचा पाय टेबलाखाली थडथडत होता. "ती तार भरताना भिंतच फाटली तर?"

"फाटू शकते. क्वचित, पण फाटू शकते. पडद्यावर बघत, हळूहळू भरतो. गॅरंटी देत नाही मी."

मामा पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघू लागला. ठिगळाची गॅरंटी त्यानंही कधी कुणाला दिली नव्हती.

"द्या तारीख," तो म्हणाला.

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवरही पाय हलतच होता. दाराशी त्यानं बायकोचा हात घट्ट धरला. "मला काही झालंच, तर..."

"ते नंतर. आधी उशीखाली लपवलेली सिगारेट काढा."

मामानं मुकाट्यानं काढून दिली. "तुला कसं कळलं गं?"

"परत या, सांगते."