राजा, सिंह आणि शिडाची होडी

लग्न होऊन मी कळसाडीला आले तेव्हा सासऱ्यांपुढे तोंड उघडायचं नाही, हा घरचा शिरस्ता होता. पदर नाकापर्यंत, आणि काही सांगायचंच असलं तर सासूबाईंच्या मार्फत. नंदुरबारच्या शाळेत मी सातवी झाले होते, वर्गात मोठ्यानं वाचणारी म्हणून माझी ओळख होती. इथे पहिलं वर्षभर सासऱ्यांनी माझा आवाज ऐकला असेल तो फक्त खोकल्याचा.

त्यांना एकच मुलगी, माझी नणंद. ती नवऱ्याबरोबर युगांडात, जिंजा गावी राहायची. तिथे त्यांचं कापडाचं दुकान होतं. माझ्या लग्नानंतर दुसऱ्या हिवाळ्यात ती आगबोटीनं मुंबईला आणि तिथून रेल्वेनं नंदुरबारला आली. दीड महिना राहिली. जाताना पाकिटात तिकडची पाच शिलिंगांची एक नोट निघाली, ती तिनं वडिलांच्या हातात ठेवली. "बा, ही इथे चालायची नाही, पण माझी आठवण. राहू दे तुमच्याकडे."

ती गेल्यावर सासरे ती नोट घेऊन ओट्यावर बसले. एका बाजूला राजाचा मुखडा, दुसऱ्या बाजूला सिंह. बराच वेळ उलटसुलट करून त्यांनी सासूबाईंना हाक मारली. "तिले इचार, आठे काय लिखेल शे?"

मी दाराआडून हात पुढे केला, नोट घेतली, शाळेत शिकलेली इंग्रजी अक्षरं जुळवून वाचली आणि सासूबाईंच्या कानात सांगितलं.

"ती म्हणस, नैरोबी. आनि पाच शिलिंग."

मग सासूबाईंनी नोट स्वतःच्या डोळ्यांजवळ धरली आणि एकदम ओरडल्या. खाली बारीक अक्षरांत, डोक्यावर रेघ नसलेली गुजराती लिपी होती. त्यांचं माहेर सुरतेकडचं, त्यांना तेवढीच लिपी यायची. गावात कुणी त्यांच्याकडे कधी काही वाचायला दिलं नव्हतं. "हाई ते मन्ही मायनी बोली शे!" असं म्हणत त्यांनी 'पांच शिलिंग' तीनदा वाचून दाखवलं. शेजारणींनाही बोलावून वाचून दाखवलं. उरलेली अरबी अक्षरं पुढच्या आठवड्यात बांगड्या भरायला आलेल्या मणियारानं लावून दिली. त्याला उर्दू येत होतं.

इथून सासऱ्यांना नाद लागला. तापीकाठच्या गुजर घरांतून कुणाचा ना कुणाचा नातलग आफ्रिकेत असायचा. कुणी परत आलं कळलं की सासरे बैलगाडी जुंपायचे. एकदा नंदुरबारला कापूस विकायला गेले आणि एका व्यापाऱ्याकडून सुदानची नोट घेऊन आले. तिच्यावर उंटावर बसलेला टपालवाला होता. मोबदल्यात केळीचा एक अख्खा घड देऊन आले म्हणून सासूबाई दोन दिवस धुसफुसत होत्या. तिसऱ्या दिवशी त्याच शेजारणींना उंट दाखवत होत्या.

नोटा जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत असत. मला वाटलं, आपण त्या नीट लावून ठेवाव्यात. सासरे शेतावर असताना मी शाळेची जुनी वही काढली, कणकेची खळ केली आणि सगळ्या नोटा एकेका पानावर चिकटवल्या. खाली सुवाच्य अक्षरात देशांची नावं लिहिली. फार खूश होते मी. संध्याकाळी वही सासऱ्यांकडे गेली. त्यांनी पहिलं पान उघडलं, राजा पाहिला, आणि सिंह पाहायला नोट उलटू गेले. ती उलटेना.

त्यांनी वही मिटून आत ठेवली आणि न जेवता झोपले.

सकाळी मी परातीत पाणी घेऊन मागच्या अंगणात बसले. एकेक पान भिजवून नोट सोडवायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यात पदर सारखा पुढे घसरत होता, म्हणून शेवटी तो मागे टाकला. सोडवता सोडवता नणंदेच्याच नोटेची कड फाटली. राजाचा अर्धा चेहरा वहीला चिकटून राहिला. तेवढ्यात समोर कुणीतरी उकिडवं बसलं. सासरे होते. त्यांनी परातीत दोन्ही हात घातले.

"हळू, बेटा. मी धरस, तू काढ."

माझ्याशी बोललेले ते त्यांचे पहिले शब्द.

"बा, राजा गेला," मी म्हणाले. माझेही पहिलेच.

त्यांनी सुटून आलेली नोट उलटी करून पाहिली. "गया ते जाऊ दे. सिंह ऱ्हायना ना."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. माझा मागे पडलेला पदर त्यांनी पाहिला, आणि आतून नोटा टिपायला धुतलेलं फडकं आणून दिलं. त्या दिवसापासून आमच्या घरात तो शिरस्ता मोडला. चारचौघांत मी पदर घ्यायची, पण ओट्यावर सासरे आणि मी नोटा घेऊन बसलो की भरपूर बोलायचो.

पुढे तिकडचे देश स्वतंत्र झाले. नणंदेचं येणं लांबत गेलं. दोनदा येते म्हणाली आणि दोनदा जमलं नाही. एका ओळखीच्या माणसाबरोबर तिनं नवी नोट पाठवली. तिच्यावर राजाही नव्हता, राणीही नव्हती. मोठं सरोवर आणि त्यात शिडाची होडी. तिनं पत्रात लिहिलं होतं, हेच पाणी आमच्या गावाला लागून आहे, माल आणायला हे कधी कधी होडीनं जातात.

सासरे त्या होडीकडे दोन दिवस पाहत होते. तिसऱ्या दिवशी गाडी जुंपली आणि मला म्हणाले, "चाल." प्रकाशा गावात तापीच्या काठी एक म्हातारा नावाडी होता, जन्मभर माणसं या काठाहून त्या काठाला नेणारा. सासऱ्यांनी नोट त्याच्या हातावर ठेवली. त्यानं आधी हात पंच्याला पुसले होते.

"हाई नाव कशी शे?" सासऱ्यांनी विचारलं.

नावाड्यानं नोट उन्हात धरली. शीड पाहिलं, मग पाणी. "शीड मोठं शे. पन बांधनारा हुशार दिसस." मग त्यानं सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "तुमनी पोर तठे ऱ्हास का, बाबा?"

सासऱ्यांनी मान डोलावली.

"उलटनार नही," नावाडी म्हणाला.

परतताना सासऱ्यांनी काठावरच्या गाड्यावरून घरच्या सगळ्यांसाठी भजी बांधून घेतली आणि आमच्या वाट्याची बैलगाडीत बसून माझ्याबरोबर खाल्ली.