चौदा नव्हे, साडेबारा

आदरणीय तुळशीराम रहांगडाले सरांची आणि माझी पहिली भेट २००४ साली गोंदियात, एका राइस मिलच्या मागच्या खोलीत, त्यांच्या शिकवणीत झाली. मी कामठ्याहून एसटीने आले होते. पदवी हातात होती आणि बँकेच्या कारकून परीक्षेत दोनदा नापास झाले होते, दोन्ही वेळा गणितात. फळ्यावर दोन खिळ्यांना दोरी ताणून बांधलेली होती आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचा चिमटा होता. एका टोकाला दहा लिहिलेले, दुसऱ्या टोकाला वीस. सरांनी माझे नावही विचारले नाही. म्हणाले, "दहावाला माल जास्त आहे. मिसळल्यावर चिमटा कुठं राहील?" मी चिमटा मधोमध लावला.

"म्हणूनच नापास होऊन राहिली, पोरी," सर म्हणाले, आणि चिमटा दहाकडे सरकवला.

मिश्रणाचे कुठलेही गणित असो, दूध-पाणी असो की दोन तुकड्यांच्या गुणांची सरासरी, आधी दोरीवर चिमटा सरकवायचा आणि मगच पेन उचलायचे, हा सरांचा शिरस्ता होता. जिकडे माल जास्त तिकडे चिमटा. शिकवणीत येण्याआधी सरांनी त्याच मिलमध्ये वजनकाट्यावर बारा वर्षे काढली होती, त्यामुळे ही गणिते त्यांच्या हातातच बसलेली होती. स्वभाव मात्र फटकळ. माझी शेवटची एसटी चुकू नये म्हणून ते फळ्यावरचे गणित अर्धवट सोडून मला आधी उठवायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच गणित पहिले माझ्याकडून सोडवून घ्यायचे. त्यातून सुटका नव्हती.

आता ज्या आठवणीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती सांगते. ती आजवर कुणाला सांगितलेली नाही.

पुढच्या वर्षीची परीक्षा रविवारी नागपूरला होती. वयात बसणारी ती माझी शेवटची परीक्षा. आदल्या दिवशी सरांनी शेवटचे गणित घातले: दहा टक्के कणी असलेल्या तांदळाचे तीस कट्टे, प्रत्येकी पन्नास किलोचे, वीस टक्के कणीचे वीस कट्टे, प्रत्येकी पंचवीस किलोचे. सगळे मिसळले तर कणी किती टक्के? सरांनी तीसला वीस धरून चिमटा लावला आणि उत्तर लिहिले, चौदा. त्यांच्या मिलमध्ये सगळे कट्टे एकाच वजनाचे असत. काट्यावरच्या माणसाचा हात कट्टे मोजायला सरावलेला. तो इथे फसला.

माझ्या ते तिथल्या तिथे लक्षात आले. पंचवीसचा कट्टा मी स्वतः डोक्यावरून घरी आणलेला होता. पन्नासचा मला उचलवत नव्हता. पंधराशे किलोला पाचशे, म्हणजे तिनास एक. उत्तर साडेबारा. शेजारी बसलेली सालेकशाची दुर्गा खाली मान घालून चौदा उतरवून घेत होती. मी तोंड उघडले नाही. सरांची भीती होती, हे अर्धेच खरे. जागा मोजक्या होत्या, आणि उद्या असे गणित आले तर बाकीचे चुकतील, मी चुकणार नाही, हा विचार माझ्या मनात आला. मी तो येऊ दिला.

रविवारी सकाळी गोंदिया स्टेशनवर आम्ही नागपूरच्या गाडीत बसलो. सिग्नल पडला होता. तेवढ्यात फलाटावरून सर धावत येताना दिसले. ते राहत सालेकशाला, आणि तिथली पहिली गाडी आमची गाडी सुटल्यावरच गोंदियाला पोचणार होती, म्हणून कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून चाळीसेक किलोमीटर आले होते. प्रत्येक खिडकीत डोकावत ते आमच्या डब्यापाशी आले. खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी खिडकीच्या दोन गजांना ताणून धरला आणि खिशातून चिमटा काढून त्यावर लावला. त्यांना दम लागला होता.

"काल मी चुकलो. म्या कट्टे मोजले, वजन नाई मोजलं. साडेबारा आहे उत्तर. लिहून घ्या."

दुर्गाने वही काढली. गाडीने धक्का दिला. सर सोबत चालू लागले आणि त्यांनी विचारले, "एकाच्याही लक्षात नाई आलं? आलं असन तं बोलले काऊन नाई?"

मी खाली बघितले. गाडीने वेग घेतला आणि सर मागे राहिले.

पेपरात लहानमोठ्या कॅनमधल्या दुधाचे तसलेच गणित आले. दुर्गा आणि मी एकाच यादीत लागलो. निकालाच्या दिवशी ती म्हणाली, "सर आले नसते तं मी भांडेच मोजून आली असती." तिची नोकरी मी जवळजवळ घालवली होती, आणि ज्यांची चूक होती ते ती वर्गासमोर मान्य करायला चाळीस किलोमीटर आले होते. सरांकडून मी गणित शिकले हे सगळ्यांना ठाऊक आहे. हे दुसरे शिकायला मला दहा वर्षे लागली याची मला लाज वाटते.

सर आता साठ वर्षांचे होत आहेत आणि त्यानिमित्त त्यांचा सत्कार होतो आहे. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो आणि ती दोरी अजून कितीतरी वर्षे फळ्यावर ताणलेली राहो, ही मनापासूनची इच्छा.

सर, फलाटावर आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. माझ्या लक्षात आले होते. सत्काराला मी पहिल्या रांगेत बसणार आहे. बोलली काऊन नाई, हे आपण मला सगळ्यांसमोर पुन्हा विचारावे. या वेळी मी खाली बघणार नाही.

— वंदना मेश्राम