आकडा न सांगणारी मावशी आणि माझा प्रोग्रॅम

दुष्काळाच्या त्या साली नेकनूरच्या पुढे आमच्या दूध सोसायटीने चारा छावणी उघडली. ऊन असं, की सावल्यासुद्धा झाडाखाली येऊन बसायच्या. पत्र्याच्या शेडात एक संगणक होता आणि बीडला सहा महिन्यांचा कोर्स करून आलेला मी. मराठवाड्यातला एकमेव विद्वान, निदान छावणीपुरता. प्रोग्रॅम मीच लिहिलेला. काळ्या पडद्यावर पांढरा प्रश्न यायचा: जनावरं किती? आकडा टाकला की यादीत नाव, आणि यादीत नाव असेल तरच चारा.

आकड्याच्या जागी कुणी अक्षरं टाकली तर? हा विचार मी केलाच नव्हता. कोण टाकणार?

टाकली आमच्या कारकुनाने. माणूस इतका इमानी, की समोरचा शिंकला तर शिंकही टाइप करील. डोंगरातून दोन दिवस चालत म्हशी घेऊन एक मावशी आली. त्याने विचारलं, "जनावरं किती, मावशी?"

"हायेत लई."

त्याने तेच टाइप केलं.

झालं! जनावरं किती? जनावरं किती? जनावरं किती? प्रश्न पडद्यावर वाहू लागला, थांबेचना. सगळी छावणी गोळा झाली. वाहतं काही बघून जमाना झालेली माणसं त्या पांढऱ्या धारेपुढे गुंगून बसली. एका म्हाताऱ्याने, शपथेवर सांगतो, पडद्याखाली ओंजळ धरली. खरं सांगू, बंद करायला माझाही हात होईना.

शेवटी वायर उपटली आणि प्रोग्रॅमला शहाणपण शिकवलं: आलेलं आधी तपास, अंक नसतील तर ते बाजूला सार, मग पुन्हा विचार.

"आता नीट आकडा सांग, मावशी."

"न्हाई सांगत. गोठ्याचा आकडा बोलत नसतेत, दीठ लागती. मागं एकदा बोलले, अन् चांगली दुभती म्हैस गेली."

"मी मोजून येतो की भाईर," कारकून उठला.

"मोजून तर बघ, मुडद्या!" मावशीची काठी वर गेली.

तेवढ्यात तेलगावकडून उसाच्या वाढ्यांची गाडी आली. चारा उतरेपर्यंतच यादी उघडी राहणार होती. बाहेर मावशीची गाभण म्हैस कोरडी माती हुंगत होती.

मी घाईने चार ओळी बदलल्या. "मावशी, बोलू नको. एकेकीला मनात आठव अन् हे बटण दाब."

तिने डोळे मिटले, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक चांदणी उमटली. मग दुसरी. प्रत्येक वेळी ती निराळं हसायची, जणू निराळ्या पाठीवरून हात फिरवत होती. चौथीनंतर बोट हवेतच थांबलं.

"पोटातलं धरायचं का रं?"

"आज न्हाई, मावशी."

"बरं. आलं की येते दाबायला."

प्रोग्रॅमने चांदण्या मोजून घेतल्या. चारा वाटताना कारकुनाने सवयीने आकडा पुकारायला तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. त्याने मुकाट्याने वजन केलं. मावशीने भारा डोक्यावर घेतला, माझ्याकडे बघून मान हलवली अन् निघाली. झळांत आधी तिचे पाय विरले, मग लुगडं. हिरवा भारा तेवढा एकटाच म्हशींकडे तरंगत गेला.