खांद्यावरच्या दोन थापा

धर्माने मागून माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि मी झाडावर पक्षी शोधत राहिलो. चूक एवढीच. तिला आता दीड महिना होईल.

धर्मा पेणच्या खाडीकाठचा, मिठागरात हयात गेलेला. मी रोह्याचा निवृत्त मास्तर. गळ्यात दुर्बीण, डोक्यात पुस्तकं. पहिल्या भेटीत मी बांधावर उभा राहून कांदळवनातल्या एका स्तब्ध बगळ्याची अर्धा तास नोंद करत होतो. मागून हा म्हणाला, "गुरुजी, तो उडाचा नाय. पिशवी हाय ती." तेव्हापासून मी त्याला सोडलं नाही. दर हिवाळ्यात आम्ही फणसाडच्या अभयारण्यात जायचो. तो उघड्या डोळ्यांनी बघायचा, मी दुर्बिणीतून चुकायचो. बोललं की पाखरू उडतं, म्हणून नियम ठरला : दिसलं की पुढच्याच्या खांद्यावर दोन थापा. नियम अर्थात माझा. मास्तर ना मी...

त्या सकाळी पाणवठ्याशी मी पुढे, तो मागे. स्वर्गीय नर्तक, तो लांब शेपटीचा पांढरा पक्षी, मला जन्मात दिसला नव्हता. दोन थापा पडल्या. मी दुर्बीण लावली. पुन्हा दोन, जरा जड. मी न वळताच कुजबुजलो, "थांब रे, दिसू दे." मग हात खांद्यावर तसाच राहिला. मला वाटलं, दिशा दाखवतोय. मी फांदीन् फांदी धुंडाळली. हात घसरला तेव्हा वळलो. धर्मा पाचोळ्यात बसला होता, छाती धरून. जीपने रोह्याला आणेपर्यंत संपलं होतं.

डॉक्टर म्हणाले, त्या दोन-चार मिनिटांनी काही फरक पडला नसता. खरंच, की माझं तोंड बघून म्हणाले, हे विचारायची हिंमत होत नाही. भर बाजारात भाजी घेताना खांदा जड होतो. मी वळतो. दर वेळी वळतो. आता जमतं वळायला...

परवा दुर्बीण घेऊन त्याच्या घरी गेलो. वहिनी सुकट निवडत होत्या. त्यांना हे ठाऊक नव्हतं. सगळं सांगून टाकलं आणि दुर्बीण पुढे ठेवली. त्यांनी सूप बाजूला सारलं. मग त्यांनी ती उचलून परत माझ्या मांडीवर ठेवली.

"न्या ही घरी, गुरुजी. पिशवीला बगला म्हननारा मानूस तुमी. तुमच्या फुडं चालाला पायजे व्हता, मागं नाय, येवढा पन आमच्या यांना कलला नाय."