सोडून गेल्याचा दाखला

माझा बाप आम्हाला सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली होती. ही गोष्ट आमच्या गल्लीला माहीत होती, किराणा दुकानदाराला माहीत होती, माझ्या शाळेतल्या बाईंनाही माहीत होती. फक्त लोह्याच्या तहसील कार्यालयाला माहीत नव्हती. आणि तहसीलला माहीत नसलेली गोष्ट घडलेली नसते, हे मला तोवर कळलं नव्हतं.

माय मंगल कार्यालयात भांडी घासायची. लग्नसराईत सकाळपासून हात राखेत, आणि सराई संपली की सगळं बंद. मी नांदेडला एका खाजगी क्लासमध्ये कामाला होते. पोरांचे प्रवेशाचे फॉर्म भरून द्यायचे, हेच माझं काम. त्यामुळे मायचा खांदा धरला आणि तिला हंडा उचलेना, तेव्हा मी मोठ्या रुबाबात म्हणाले, "निराधारचा फॉर्म भरू. महिन्याला सरकारी पगार मिळेल. मला सगळं कळतं त्यातलं."

सेतू केंद्रातल्या माणसाने अर्ज उघडला आणि विचारलं, "कोणत्या प्रकारात टाकू? विधवा, घटस्फोटित, की परित्यक्ता?"

माय म्हणाली, "विधवा टाका. सोपं पडंल."

"मावशी, त्याला मृत्यूचा दाखला लागतोय."

मायने जरा विचार केला. तो विचार काय होता ते मी तिला कधी विचारलं नाही. शेवटी 'परित्यक्ता' यावर टिक पडली. हा शब्द मायने पहिल्यांदाच ऐकला. घरी येताना तिने मला अर्थ विचारला. मी सांगितला, तर म्हणाली, "एवढा मोठा शब्द? आपल्याकडं नुसतं टाकलेली म्हणतेत."

उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक, सगळं लावून आम्ही तहसीलच्या खिडकीशी उभ्या राहिलो. आतल्या बाबूने कागद उलटेपालटे केले.

"नवऱ्यानं सोडलं त्याचा पुरावा?"

"साहेब, तो न्हाई ना घरात," माय म्हणाली. "हाच पुरावा."

"आत्ता नसंल. संध्याकाळी येत असंल. आमी कसं समजावं?"

"अकरा वर्षं झाली."

"मावशी, तुमच्यावर विश्वास हाय ओ. फायलीचा विश्वास बसला पाहिजे. एक काम करा. नवऱ्याकडून स्टॅम्प पेपरवर लिहून आणा, की मी हिला सोडलं, आता नांदवत नाही. त्याची सही, नोटरी. लगेच पुढं पाठवतो."

मी विचारलं, "म्हणजे पळून गेलेल्या माणसाने परत येऊन लिहून द्यायचं, की मी पळून गेलोय?"

"हाव," बाबू म्हणाला. माझं आकलन बघून त्याला बरं वाटलेलं दिसलं.

अकरा वर्षांत माय त्याला शोधायला गेली नव्हती. तो लातूरला दुसऱ्या बाईकडे राहतो, हे एका पाहुण्याने कधीच सांगितलं होतं. गॅरेजच्या मागची खोली, इथपर्यंतचा पत्ता आमच्याकडे होता. माय म्हणायची, मी मेले तरी त्या दारात जाणार नाही. मरणाने जे झालं नसतं ते तहसीलने करून दाखवलं. पुढच्या सोमवारी माय ठेवणीतलं लुगडं नेसून बसस्टँडवर उभी होती.

बसमध्ये बायकांना अर्धं तिकीट. पळालेल्या नवऱ्याच्या मागे निघालेल्या बाईला सरकारने दिलेली ही पहिली सवलत, आणि तिला एकही कागद लागला नाही. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, माय खिडकीबाहेर बघत पुटपुटत होती. मी कान दिला. ती तालीम करून राहिली होती. "मला तुझं काई नको. फक्त सही दे." मग तेच जरा कडक आवाजात. मग एकदा शिवीसकट. मग शिवी वगळून.

लातूरला गॅरेज सापडलं, मागची खोली सापडली. दारात शिलाई मशीनवर एक बाई फॉल लावत बसली होती. मायपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. तिने आम्हाला बघितलं आणि मशीन थांबवलं. कुणी ओळख करून द्यायची गरज पडली नाही.

"लोह्याच्या ना तुमी?" ती म्हणाली. आणि मग एकदम आवाज चढवून, "आता काय ऱ्हायलंय न्यायचं? माणूस तर नेलात!"

माय बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरली. "कुणी नेलं?"

"तुमीच की! चार वर्षांमागं आखाडात गेले ते. पहिलीकडं जातो म्हणले, लोह्याला. तिचं पोरगं मोठं झालंय म्हणले."

"पोरगं?" मी म्हणाले. "मी मुलगी आहे."

ती बाई माझ्याकडे बघत राहिली. माय तिच्याकडे. मला क्षणभर वाटलं, आता इथे आरडाओरडा होणार, गॅरेजवाले गोळा होणार. पण माय हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, उंबऱ्यावर बसकण मारून. इतकी वर्षं एक बाई लोह्यात समजत होती तो लातूरला आहे, आणि दुसरी लातूरला समजत होती तो लोह्यात आहे. दोघींनीही एकमेकींना मनसोक्त शिव्या घातल्या असणार. तो मात्र तिसरीकडेच कुठेतरी निवांत जेवत असेल.

बाईने पाणी आणलं. मग चहा टाकला. चहा पिताना ती रडली, आणि मायने, जिने तिचं नाव घेऊन कैक वेळा बोटं मोडली होती, तिच्या पाठीवर हात ठेवला.

"सात वर्षं ऱ्हायला माझ्याकडं," ती म्हणाली. "पण अक्का, तुमी आलात कामून?"

मायने सांगितलं. तिने डोळे पुसले. "पगार मिळतोय होय? काय काय कागद लागतेत?"

मी यादी सांगितली आणि विचारलं, तुमचं लग्न झालं होतं का त्यांच्याशी? "देवळात हार घातलेते," ती म्हणाली. म्हणजे तिला सोडलं, तरी ती कायद्याने सोडलेली नव्हती. सरकारी नजरेत तिच्याकडे कुणी राहिलंच नव्हतं, तर जाणार कुठून?

पण तीच म्हणाली, "मी देते लिहून. सही त्यांची नसली तर माझी लावा." आम्ही तिघी रिक्षाने कोर्टासमोर गेलो. टायपिंगवाल्याने विचारलं, "तुमचं आणि त्या इसमाचं नातं काय टाकू?" मायने दुसरीकडे बघितलं. ती बाईच म्हणाली, "टाका, ओळखीची."

चार ओळींचं प्रतिज्ञापत्र झालं. सदर इसम सात वर्षे माझ्या घरी राहत होता, सध्या राहत नाही. ते घेऊन आम्ही लोह्याच्या बाबूसमोर गेलो, परीक्षेत पहिलं आल्यासारख्या. त्याने लक्ष देऊन वाचलं. एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बगा, यात काय लिवलंय? 'लोहा येथे पहिल्या पत्नीकडे जातो असे सांगून निघून गेला.' म्हणजे तो तुमच्याकडंच हाय की!"

ही ओळ टायपिंगवाल्याने प्रामाणिकपणे घातली होती. मी वाचूनही मला काही वाटलं नव्हतं. इतके कष्ट करून आम्ही सरकारला नवऱ्याचा पत्ता आणून दिला होता, आणि तो आमच्याच घरचा होता.

मायने पिशवी खाली ठेवली आणि तिथेच फरशीवर मांडी घातली. "मंग शोधून द्या साहेब," ती मोठ्याने म्हणाली. "तुमच्या कागदात माझ्या घरी हाय ना तो? आणा त्याला. मी नांदते. मला तुमचा पगार नको."

रांगेतली माणसं हसली. कुणी तरी म्हणालं, "द्या ओ साहेब, नवरा द्या मावशीला." आवाज ऐकून आतून नायब तहसीलदार बाई बाहेर आल्या. त्यांनी फाइल मागितली, दोन पानं चाळली आणि विचारलं, "अर्जाचं तिसरं पान कुठंय?"

तिसरं पान सेतूवाल्याने छापलंच नव्हतं. त्यात लिहिलेलं होतं, की अशा बाईसाठी तलाठ्याने घरी येऊन शेजाऱ्यांसमोर पंचनामा करायचा. बस. नवऱ्याची सही नाही, स्टॅम्प पेपर नाही, लातूर नाही. बाबूला हे माहीत होतं का, हे मला आजही ठाऊक नाही. पण मी तरी काय केलं? दिवसभर दुसऱ्यांचे फॉर्म भरून देणारी मी, मायच्या अर्जाची पानंही मोजली नव्हती. 'मला सगळं कळतं' या भरवशावर तिला त्या दारात नेऊन उभं केलं होतं.

पंचनाम्याच्या दिवशी गल्ली सणासारखी जमली. वर्षानुवर्षं दबक्या आवाजात चाललेलं आता शासकीय वेळेत, मोठ्याने बोलायचं होतं. एक म्हातारे म्हणाले, "गेला ते लई बरं झालं, हे बी लिवा." तलाठी म्हणाले, मत नको, माहिती सांगा.

मग समोरच्या घरातली आजी पुढे आली. "मी सांगते. पहिले दोन वर्षं हिनं आम्हाला बी कळू दिलं न्हाई. त्याचा सदरा रोज धुवायची आन् दोरीवर वाळू घालायची. पुरुष माणूस घरात हाय वाटावं म्हणून. सदरा विरला तवा आम्हाला समजलं."

तलाठ्यांचं पेन थांबलं. "हे घेऊ का लिहून?" त्यांनी मायला विचारलं.

मला तो सदरा आठवत होता. निळ्या चौकड्यांचा. मी तेव्हा बारा वर्षांची, आणि मला वाटायचं बाप रात्री उशिरा येऊन पहाटे जात असेल, म्हणून रोज धुतलेला सदरा. मी शाळेत तसं सांगायचेही.

"घ्या," माय म्हणाली. माझ्याकडे न बघता.

पुढे समितीची बैठक व्हायची होती, ती लांबली, मग झाली, मग मंजुरी आली. दरम्यान लातूरच्या त्या बाईचा अर्जही मी फोनवर विचारत विचारत भरला. तिचा आधीचा, कायद्याचा नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी वारला होता आणि त्याच्या मृत्यूचा दाखला तिने ट्रंकेत जपून ठेवला होता. तिचं काम मायच्या आधी झालं. मेलेला माणूस सरकारी कामात किती विश्वासू असतो ते तेव्हा समजलं. माय दोन दिवस तिच्यावर रुसली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून अर्धा तास बोलली.

आता त्यांचं आठवड्यातून एकदा तरी बोलणं होतं. मागच्या महिन्यात मी घरी असताना फोन आला. लातूरची बाई सांगत होती, तिच्या ओळखीच्या कुणीतरी त्याला हिमायतनगरच्या बाजारात बघितलं. दाढी वाढवलीय, हॉटेलात काम करून राहिलाय.

माय उठली, दार लोटलं आणि फोन तोंडाजवळ धरून हळू आवाजात म्हणाली, "गप बस बाई. कुणाला बोलू नको. दोघींचा बी पगार बंद होईल."

मी म्हणाले, तिचा नाही होणार, ती विधवा आहे. मायने फोनवर ते तिला लगेच सांगितलं, आणि दोघी बराच वेळ हसत होत्या.